तीन हजार शब्द आणि एक ‘ऑफिशिअस’

आदरणीय ताई,

मी ३८ वर्षांचा आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. मागच्या वर्षी बढती मिळाली आणि तेव्हापासून निम्मा दिवस इंग्रजी मेल, अहवाल आणि बैठका यांतच जातो. माझं काम अडत नाही, पण आपलं इंग्रजी फार साधं आहे ही खंत मनात कायम असते. म्हणून ‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ची एक मोठी यादी मिळवली आणि रोज दहा शब्द अर्थासकट पाठ करायला लागलो. दहा महिन्यांत वहीत जवळजवळ तीन हजार शब्द जमले. वाचताना त्यातले थोडेफार ओळखीचे वाटतात. बोलताना मात्र एकही तोंडावर येत नाही.

गेल्या महिन्यात आमचे एक ज्येष्ठ अधिकारी निवृत्त झाले. अतिशय सज्जन माणूस, कुणालाही मदत करायला सदैव तयार. सगळ्यांच्या वतीने निरोपाचा मेल मी लिहिला आणि त्यात हौसेने ‘वी विल ऑल मिस युवर ऑफिशिअस नेचर’ असं वाक्य टाकलं. यादीत ‘ऑफिशिअस’चा अर्थ ‘मदतीस तत्पर’ असा होता. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन खरा अर्थ सांगितला. तेव्हापासून वही उघडलेली नाही. ती पुढे चालू ठेवू का? रोज किती शब्द करावेत? याहून चांगली यादी असेल तर सांगाल का? आणि त्या साहेबांना आता काही कळवू की गप्प बसू?

– एक खजील वाचक

प्रिय खजील वाचक,

ती ओळ वाचून मी मोठ्याने हसले, हे आधी कबूल करते. मग माझा स्वतःचा एक जुना प्रताप आठवला आणि हसू आवरलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका अहवालावर अभिप्राय देताना मला त्याला ‘एक्झॉस्टिव्ह’ म्हणायचं होतं, म्हणजे सर्व बाजू तपासणारा. मी लिहिलं ‘एक्झॉस्टिंग’, म्हणजे दमवून टाकणारा. अहवाल चांगला जाडजूड होता. त्यामुळे लिहिणाऱ्याने ते टीका म्हणून घेतलं की प्रामाणिक मत म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता तुमच्या शब्दाकडे येऊ. ‘ऑफिशिअस’ला मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘लुडबुड्या’. कुणी न मागता मदतीला धावणारा, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसून वर उपकार केल्याचा आव आणणारा, हातात इवलासा अधिकार आला की त्याचा मोठा रुबाब करणारा. गंमत अशी, की तुमची यादी साफ खोटं बोलत नव्हती. लॅटिनमध्ये ‘ऑफिशियम’ म्हणजे सेवा, कर्तव्य. काही शतकांपूर्वी इंग्रजीतही हा शब्द ‘तत्परतेने उपयोगी पडणारा’ अशा भल्या अर्थाने चालत असे. पुढे तो नासला. आजचे कोश ‘मदत करायला अति उत्सुक’ अशा धर्तीवर अर्थ देतात. तुमची यादी करणाऱ्याने जागा वाचवायला ‘अति’ गाळला असावा, आणि त्या ‘अति’तच सगळा शब्द होता.

उलट बाजूने पाहा. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाने यादीतून ‘शहाणा म्हणजे बुद्धिमान’ एवढंच पाठ केलं आणि निरोप समारंभात उभा राहून साहेबांना म्हणाला, ‘सर, तुम्ही फार शहाणे आहात.’ सभागृहात काय होईल? अर्थ चुकलेला नाही, व्याकरण चुकलेलं नाही. चुकलं ते इतकंच, की ‘शहाणा’ हा शब्द मोठ्यांनी लहानांना म्हटला तर कौतुक असतो, बरोबरीच्याने म्हटला तर टोमणा असतो आणि ‘फार’ जोडून म्हटला तर भांडणाची सुरुवात असते. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. हजार वेळा हजार तोंडांतून ऐकून ते तुमच्यात मुरलं आहे.

म्हणूनच तुमच्या वहीबद्दल माझी तक्रार तीन हजार या आकड्याची नाही. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ आणि मधे बरोबरचं चिन्ह. ते चिन्ह मला खुपतं. दोन भाषांतले शब्द इतके काटेकोर बरोबर क्वचितच असतात.

‘थिन’ हा शब्द तुम्हाला येतो. त्याच्या आसपासचे शब्द यादीत भेटले असतील: स्लेंडर, स्किनी, लँकी, स्क्रॉनी, गाँट, इमेशिएटेड. यादीत बहुधा सगळ्यांपुढे ‘बारीक, कृश’ असंच लिहिलेलं असणार. आता मराठीत बघा, आपण काय करतो. कौतुकाने म्हणायचं तर सडपातळ, शेलाटा. जरा खट्याळपणे हडकुळा. उंच आणि अंगाने काहीच नाही तो किडकिडीत. बघवत नाही असा लुकडा. दुखण्याने गाल बसलेला, डोळे खोल गेलेला तो खंगलेला. आणि उपासमारीने नुसता हाडांचा सापळा उरलेला. हे सगळे ‘बारीक’च. पण लग्नाच्या मुलीला कुणी ‘लुकडी’ म्हणून बघावं, मग समजेल. स्लेंडर म्हणजे सडपातळ, स्किनी म्हणजे हडकुळा, लँकी म्हणजे किडकिडीत, स्क्रॉनी म्हणजे लुकडा, गाँट म्हणजे खंगलेला, इमेशिएटेड म्हणजे हाडांचा सापळा. हेही अगदी तंतोतंत जुळतात असं नाही, पण ‘कृश’पेक्षा कितीतरी जवळ जातात. सांगायचं हे, की शब्दाच्या छटा ओळखायचं कौशल्य तुमच्याकडे आहेच. इंग्रजीकडे वळताना तुम्ही ते बाहेर काढून ठेवता आणि सगळ्यांच्या अंगावर ‘कृश’ नावाचा एकच गणवेश चढवता.

छटेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे शब्दाची सोबत. मराठीत झोप गाढ असते, काळोख मिट्ट असतो, ऊन रणरणतं असतं, थंडी कडाक्याची असते. मिट्ट झोप लागत नाही आणि गाढ ऊन पडत नाही. का? काही कारण नाही, आपण तसं म्हणत नाही, इतकंच. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली हेच सांगून ठेवलं: शब्द ओळखायचा तर तो कुणाच्या संगतीत वावरतो ते पाहा. माणसाच्या बाबतीत हे आपले आजी-आजोबाही सांगत आले आहेत.

एक शब्द जरा सावकाश उलगडून दाखवते. तुमच्या कामात तो येतोच येतो: ‘मिटिगेट’. यादीत अर्थ असेल ‘कमी करणे’. या अर्थाच्या भरवशावर वाक्यं करू. टीव्हीचा आवाज मिटिगेट कर. मला वजन मिटिगेट करायचं आहे. खर्च थोडा मिटिगेट करा. तिन्ही वाक्यं इंग्रजी कानाला खटकतील. आता छापील मजकुरात हा शब्द कुठे भेटतो ते पाहा. मिटिगेट द रिस्क, द डॅमेज, द इम्पॅक्ट, द इफेक्ट्स. म्हणजे याच्या पुढे येणारी गोष्ट जवळजवळ नेहमी वाईट असते आणि कमी होते ती तिची मात्रा नव्हे, तिची झळ. लॅटिन ‘मिटिस’ म्हणजे मऊ, सौम्य. पूर यायचा तो येतो, तुम्ही आधीच बांध घातलेला असतो म्हणून नुकसान सोसण्याजोगं होतं, हे मिटिगेशन. पूरच येऊ दिला नाहीत तर ते प्रिव्हेन्शन. हा फरक बैठकीत पैशांचा असतो. जोखीम ‘मिटिगेट’ केली असं लिहिलंत तर ती अजून शिल्लक आहे हे तुम्ही मान्य केलेलं असतं.

कोर्टात ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ म्हणतात. गुन्हा शाबीत झालेला असतो, पण आरोपीचं वय, परिस्थिती, चिथावणी असं काही असतं, ज्यामुळे शिक्षा सौम्य करावीशी वाटते. हवामानबदलाच्या अहवालांत मात्र ‘मिटिगेशन’चा अर्थ बांधून दिलेला आहे: तापमानवाढ घडवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन घटवणं किंवा ते वायू हवेतून शोषून घेणं. बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याला तिथे ‘अडॅप्टेशन’ म्हणतात. आणखी एक खड्डा सांगून ठेवते. ‘मिटिगेट’च्या पुढे ‘अगेन्स्ट’ लावू नका. ‘अगेन्स्ट’ लागतं ते ‘मिलिटेट’ या दिसायला जुळ्या असलेल्या शब्दाला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘सैनिक’ आहे आणि अर्थ ‘विरोधात जाणे, आड येणे’ असा. जन्माने इंग्रजी बोलणारेसुद्धा या खड्ड्यात पडतात, त्यामुळे पडलात तर सोबत भरपूर मिळेल.

एका शब्दाला एवढा वेळ? हो. पण हे वाचल्यावर ‘मिटिगेट’ तुम्ही चुकीच्या जागी वापराल असं मला वाटत नाही. ‘कमी करणे’ एवढं दहा वेळा घोकून ती खात्री आली नसती.

‘मिटिगेट’चा विरुद्धार्थी ‘ॲग्रव्हेट’, चिघळवणे, अधिक गंभीर करणे. याच्या पोटात लॅटिन ‘ग्राविस’ आहे, म्हणजे जड. आणि ‘ग्राविस’ हा आपल्या ‘गुरु’चा सख्खा चुलतभाऊ आहे. शिक्षक या अर्थाचा गुरू नव्हे, लघु-गुरूमधला गुरु, जड. ग्रॅव्हिटीला आपण गुरुत्व म्हणतो, तेव्हा नकळत एकाच घरातला शब्द दुसऱ्याच्या जागी बसवत असतो.

इथे मला थोडं रमू द्या, कारण मराठी माणसाच्या हातात एक किल्ली आहे आणि ती कुणी वापरत नाही. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा कुठल्या तरी एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असं मांडलं. पुढच्या अभ्यासाने ते पक्कं झालं. आता इंग्रजीचं काय झालं बघा. घरातले, शेतातले, अंगाखांद्यावरचे तिचे शब्द जर्मानिक कुळातले. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कायदा, अधिकार यांची भाषा फ्रेंच झाली. विद्येची भाषा लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन मजले आहेत. खाली ‘आस्क’, मधे ‘क्वेश्चन’, वर ‘इंटरॉगेट’. खाली ‘किंगली’, मधे ‘रॉयल’, वर ‘रीगल’. तुम्ही ज्याला ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणता तो बहुतेक हा वरचा मजला.

असाच दुमजली वाडा आपल्याकडे आहे. दात खाली, दंत वर. पाय आणि पद, आग आणि अग्नी, नवा आणि नूतन. दुखतो तो दात असतो, पण वैद्य मात्र दंतवैद्य. इंग्रजीत नेमकं हेच: दुखतो तो ‘टूथ’, दवाखाना ‘डेंटल’. आणि ‘डेंटल’मधला ‘डेंट’ आणि आपला दंत हे एकाच मुळाचे. ‘पेडेस्ट्रियन’मध्ये पद आहे. ‘इग्नाइट’मध्ये अग्नी आहे. ‘इनोव्हेट’, ‘नॉव्हिस’, ‘रेनोव्हेट’ यांत नव आहे. ‘रिज्युव्हनेट’मध्ये युवा आहे, म्हणजे पुन्हा तरुण करणे. ‘व्होकल’, ‘व्होसिफरस’ यांत वाक् आहे, वाणी. ‘इक्विव्होकल’ म्हणजे ज्यात दोन्हीकडचा आवाज सारखाच ऐकू येतो असं संदिग्ध बोलणं, राजकारणी लोकांचं असतं तसं. ‘इममॉर्टल’ आणि ‘अमृत’ तर जवळजवळ अक्षराला अक्षर जुळतात: पुढे नकार, मागे मृत. ‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द टी. एच. हक्सली यांनी १८६९ मध्ये बनवला, पण त्याचे दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे आहेत. ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘ग्नॉ’ म्हणजे आपला ‘ज्ञा’. मराठीत आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो.

मात्र ही किल्ली प्रत्येक कुलपाला लावत सुटू नका. ‘डे’ आणि ‘दिवस’ ऐकायला सारखे वाटतात, पण त्यांचं मूळ वेगळं मानलं जातं. दिवसाशी नातं आहे ते ‘डायर्नल’चं, दिवसा घडणारं किंवा दिवसा जागं असणारं. आणि मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला असंही नाही. ‘ऑफिशिअस’चं मूळ सेवेचं, पण आजचा अर्थ लुडबुडीचा, हे तुम्ही पाहिलंतच. मुळाचा उपयोग शब्द लक्षात ठेवायला करा. वापर मात्र आजच्या मजकुरातून उचला.

आता तुमचा प्रश्न, किती शब्द आणि कोणते. पॉल नेशन या न्यूझीलंडमधल्या भाषाशास्त्रज्ञाने २००६ मध्ये हिशेब मांडला. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची, म्हणजे शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत, तर सुमारे आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात. कुटुंब म्हणजे ‘ॲक्ट, ॲक्शन, ॲक्टिव्ह, ॲक्टिव्हिटी’ हे सगळं मिळून एक. आकडा मोठा वाटतो, पण हा ओळखण्याचा आकडा आहे, वापरण्याचा नव्हे. ओळखीचे शब्द आणि वापरातले शब्द ही दोन वेगळी खाती आहेत. मराठीतही ‘किंकर्तव्यमूढ’ आपण सगळे ओळखतो, पण शेवटचा कधी बोललात? तीन हजार शब्द तोंडात येत नाहीत म्हणून तुम्ही हळहळता आहात. त्यातले बहुतेक तोंडात यायलाच नकोत.

तुम्हाला लागणारे शब्द खरं तर अगदी वरच्या मजल्यावरचे नाहीतच, जिन्यातले आहेत. ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासक बाईंनी २००० साली अभ्यासविषयक इंग्रजी मजकुरातून ५७० शब्दकुटुंबांची यादी काढली. अशा मजकुरातला साधारण दहावा हिस्सा एवढ्या शब्दांनीच व्यापलेला असतो. ‘ॲम्बिग्युअस’, ‘आर्बिट्ररी’, ‘कोहिरंट’, ‘प्रिलिमिनरी’, ‘सब्सिक्वंट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ या जातीचे शब्द. दिसायला रुबाबदार नाहीत, पण अहवाल यांच्यावरच उभा राहतो. दुसरी यादी हवीच असेल तर ही घ्या, आणि तीही पाठ करायला नको. आपल्या कामाच्या कागदांत हे शब्द शोधायला घ्या.

याच्या उलट टोकाला असतात ‘सेस्क्विपिडेलियन’सारखे शब्द. हा तुमच्या वहीत असणार, मी पैज लावते. शब्दशः अर्थ दीडफुटी. लांबलचक शब्दांना आणि ते वापरणाऱ्यांना चिडवायचा शब्द, आणि स्वतःच दीडफुटी. भेटला की हसावं आणि पुढे जावं.

दीडफुटी शब्दांनी छाप पडते, ही समजूत खोटी असल्याचं डॅनिअल ऑपेनहायमर या मानसशास्त्रज्ञाने (अणुबॉम्बवाले नव्हेत) २००६ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. लेखनातले साधे शब्द काढून तिथे लांब, अवघड शब्द घातले तेव्हा वाचणाऱ्यांनी लेखकाला अधिक नव्हे, कमी बुद्धिमान ठरवलं. तुमचं इंग्रजी ‘साधं’ आहे ही तुमची खंत मला म्हणूनच पटत नाही. काम न अडता मेल लिहिता म्हणजे ते नीटच आहे. कमी पडतो तो नेमकेपणा, जिथे ‘बॅड’ लिहिता तिथे तो ‘इनॲडिक्वेट’ आहे की ‘मिसलीडिंग’ हे सांगता येणं. तेवढ्यासाठी शब्द वाढवा.

स्मरणशक्तीबद्दल थोडक्यात, कारण यातलं बरंच तुम्हाला ठाऊक असेल. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत गळून जातो, मग गळती मंदावते. रोज नवे दहा शब्द घेत गेलात तर कालचे दहा गळत असताना तुम्ही भांड्यात वरून ओतत राहता. दुसरी गोष्ट, पुन्हा पुन्हा वाचणं आणि पुन्हा पुन्हा आठवणं यांत फार फरक आहे. कार्पिके आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली या आफ्रिकी भाषेतला शब्द आणि त्याचा इंग्रजी अर्थ अशा ४० जोड्या दिल्या. एकदा जमलेल्या शब्दावर जे पुढेही स्वतःची परीक्षा घेत राहिले, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांनी परीक्षा थांबवून नुसतं वाचन चालू ठेवलं, त्यांना एक तृतीयांशाच्या जरा वर. म्हणून अर्थाची बाजू झाकायची नाही, शब्दाची झाकायची. आणि अर्थाऐवजी शब्द गाळलेलं वाक्य समोर ठेवायचं.

अजून एक, याद्या वर्णानुक्रमे असतात. तुमच्या वहीतले ‘ए’ आणि ‘बी’पासूनचे शब्द घट्ट असतील आणि ‘पी’पासून सगळा धुरळा, खरं ना? शिवाय ‘ॲबेट’ (abate, शमणे) आणि ‘ॲबेट’ (abet, गुन्ह्याला हातभार लावणे) असे जुळे एकाच दिवशी शिकलात तर जन्मभर गोंधळ. नव्या समानार्थी शब्दांचा गठ्ठा एकदम घेतला तरी तेच होतं. नवा शब्द नेहमी जुन्या, ओळखीच्या शब्दाशेजारी बसवा. मी वर ‘थिन’पासून सुरुवात केली ती म्हणूनच.

तर वही टाकू नका, पण तिची छाटणी करा. पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा: हा मला यादीबाहेर, माझ्या कामात किंवा वाचनात, कधी भेटला आहे का? भेटला नसेल तर काट. माझा अंदाज, दोन-अडीचशे उरतील. त्यांना नवी वही द्या आणि आठवड्याला पाच-सहाच घ्या. प्रत्येकाला अर्धं पान. वर तो जिथे भेटला ते वाक्य जसंच्या तसं. खाली त्याची सोबत, मागे-पुढे कोण येतं. मग त्याचा सूर मराठीत, हवा तसा मोकळा: ‘टोमणा’, ‘सरकारी’, ‘वरिष्ठांना म्हणू नये’, ‘फक्त वाईट गोष्टींना’. ‘ऑफिशिअस’पुढे ‘लुडबुड्या!’ असं लाल शाईने लिहायला माझी हरकत नाही. शेवटी स्वतःच्या कामावरचं एक खरं वाक्य, जे तुम्ही उद्या एखाद्या मेलमध्ये टाकू शकाल. आणि टाकाच. वापरलं नाही ते वाक्य धरू नका.

कोश शिकणाऱ्यांसाठी बनवलेला घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथे १९४२ मध्ये त्यांचा अशा प्रकारचा कोश निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने तो छापला. लाँगमनने १९७८ च्या आपल्या कोशात सगळे अर्थ सुमारे दोन हजार साध्या शब्दांतच द्यायचा नियम घालून घेतला. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने अर्थच पूर्ण वाक्यात दिला, म्हणजे अर्थाबरोबर सोबतही कळते. या कोशांत ‘नापसंतीदर्शक’, ‘औपचारिक’, ‘जुनाट’ अशा खुणा असतात. त्या खुणा आधी वाचा, अर्थ नंतर. ‘ऑफिशिअस’पुढची ती नापसंतीची खूण पाहिली असती तर आज हे पत्र आलं नसतं, आणि माझं एक सदर बुडालं असतं.

उच्चारही तिथेच ऐकून घ्या. ‘एपिटमी’ला ‘एपिटोम’ आणि ‘हायपर्बली’ला ‘हायपरबोल’ म्हणणारे पुष्कळ असतात. तसं म्हणणाऱ्याने तो शब्द वाचून मिळवलेला असतो, यात लाजण्यासारखं काही नाही, पण एकदा कळल्यावर सुधारावं.

आणि साहेब. त्यांना जरूर लिहा, आणि मराठी कळत असेल तर मराठीतच लिहा. मोठी माफी नको, दोन-चार ओळी पुरेत. निरोपाच्या मेलमध्ये ‘ऑफिशिअस’ हा शब्द मी चुकीच्या अर्थाने वापरला, मला म्हणायचं होतं की कुणीही कधीही तुमच्या टेबलाशी आलं तर रिकाम्या हाताने परत गेलं नाही. त्याखाली एखादा खरा प्रसंग घाला, तुम्हाला त्यांनी केलेल्या मदतीचा, तारीख आठवत असेल तर तारखेसकट. इंग्रजीतच लिहायचं असेल तर ‘हेल्पफुल’ हा शब्द आहे. त्यात कुठलाही खड्डा नाही.

तुमची ताई